विरळ रंगाची किंमत नदीने का मोजावी?

शोभिवंत मासे पाळणारे आणि नद्यांमधल्या जीवसृष्टीची काळजी वाहणारे यांच्यात एक वाद वरचेवर पेटतो. नदीतून किंवा समुद्रातून धरलेल्या माशांत क्वचित एखादा मासा भलत्याच रंगाचा निघतो. कधी काळा रंग साफ नाहीसा झालेला, कधी अंगभर पिवळाधमक, कधी दुधासारखा पांढरा, तर कधी पट्ट्यांची घडीच विस्कटून वेगळी नक्षी उमटलेला. जनुकातल्या एखाद्या बदलातून जन्मलेल्या अशा माशासाठी संग्राहक नेहमीच्या माशाच्या कित्येक पट पैसे मोजतात. तो धरावा का, विकावा का, असा प्रश्न निघाला की छंदी मंडळी म्हणतात, इतक्या उठून दिसणाऱ्या माशाला खंड्याने नाहीतर मोठ्या माशाने गिळलेच असते. तो आमच्या टाकीत जगला तर कोणाचे काय बिघडले? दुसरी बाजू म्हणते, मोकळ्या पाण्यातला मासा काचेत कोंडणे हीच लूट आहे, मग तो कोणत्या का रंगाचा असेना. माझ्या मते दोन्ही बाजूंची नजर त्या एकट्या माशावर खिळली आहे आणि म्हणून दोघांचाही हिशेब चुकतो आहे. तो मासा नदीत राहिला काय किंवा टाकीत गेला काय, नदीला फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो विरळपणाला लागलेल्या किमतीने. टाकीत पैदास केलेले रंगबदलाचे मासे खुशाल विकावेत, साधे जंगली मासेही नियम पाळून धरावेत. मात्र नदी-समुद्रातून धरलेल्या माशाला केवळ त्याच्या विरळ रंगासाठी जादा दाम देणारा व्यापार बंद व्हावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

छंदी लोकांच्या म्हणण्यात तथ्य नाही असे मुळीच नाही. अंगातले कृष्णरंजक हरपलेला, लाल डोळ्यांचा अल्बिनो मासा उथळ, नितळ पाण्यात दुरूनही दिसतो. त्याची नजर अधू असते, प्रखर उजेड त्याला सोसत नाही. असे बहुतेक मासे लहानपणीच मरत असणार, हे मान्य करायला हरकत नाही. शिवाय असे बहुतेक गुण अप्रभावी असतात; म्हणजे तो जनुक अंगी बाळगणारे पण दिसायला साधे असे कितीतरी मासे त्याच पाण्यात असतात. एक पांढरा मासा उचलल्याने ना तो गुण संपतो, ना त्या जातीची संख्या घटते. एवढ्यापुरता त्यांचा युक्तिवाद बिनतोड आहे. पण ‘विरळ रंगाचा मासा मरणारच’ हे सरसकट विधान खोटे आहे. निकाराग्वाच्या सरोवरांतला मायडास सिच्लिड बहुतांशी राखाडी असतो, आणि त्याच्यात थोड्या प्रमाणात सोनेरी-नारिंगी मासे असतात. ते जन्मतः राखाडीच असतात. वाढत्या वयात त्यांच्या कातडीतल्या काळ्या पेशी मरत जातात आणि सोनेरी रंग उघडा पडतो. शिकाऱ्यांना ते सहज दिसत असतील, पण खाणे आणि जागा यांवरून झुंज लागली की राखाडी मासे त्यांच्यापुढे माघार घेतात, असे प्रयोगांत दिसले आहे. पिढ्यानुपिढ्या तो रंग तिथे टिकून आहे. एका बाजूने निसर्ग त्याला मारतो, दुसऱ्या बाजूने तगवतो. या जमाखर्चाचा निकाल टाकीबाहेर उभे राहून आपण कोणत्या आधारावर लावणार?

तरीही खरा प्रश्न त्या माशाच्या आयुष्याचा नाही, त्याच्या शोधाचा आहे. छंदी लोक म्हणतात, असा मासा कोणी मुद्दाम शोधत नाही. नेहमीच्या धरपकडीत तो योगायोगाने जाळ्यात येतो. पहिल्यांदा तसेच होते. पण त्या पहिल्या माशाला मोठी किंमत मिळाल्याची बातमी नदीकाठी पोहोचल्यावरही पुढचा मासा योगायोगानेच येईल का? याचे उत्तर एकोणिसाव्या शतकातल्या ऑर्किडच्या व्यापाराने देऊन ठेवले आहे. कोलंबियाच्या डोंगराळ जंगलांतले ओडोंटोग्लोसम क्रिस्पम नावाचे पांढरे ऑर्किड इंग्लंडमध्ये भारी मोलाने विकले जाई, आणि त्यातही पाकळ्यांवर डाग असलेल्या क्वचित आढळणाऱ्या रोपांना वेड्यासारखी किंमत येई. अडचण एवढीच होती की फुलल्याखेरीज डागांचे रोप ओळखता येत नसे. मग व्यापाऱ्यांनी न फुललेली रोपे हजारोंनी बोटीवर चढवली, आणि लंडनच्या लिलावात लोकांनी एखाद्या तरी रोपावर डाग उमटेल या आशेने ती विकत घेतली. दोन महिन्यांत दहा हजार रोपे जमवण्यासाठी चार हजारांच्या आसपास झाडे तोडली, असे एका इंग्रज संग्राहकाने १८९१ साली छापलेल्या आपल्या प्रवासवर्णनात स्वतःच नोंदवले आहे. त्याच्या दृष्टीने ती कामगिरी होती. त्या जंगलाचा घात डागांच्या एका रोपाने केला नाही. ते सापडेल या आशेने केला.

माशांच्या बाबतीत एक गोष्ट वेगळी आहे: रंग पाहायला फुलण्याची वाट पाहावी लागत नाही, जाळे काठावर आले की तिथेच निवड होते. पण त्यामुळे नदीची हानी कमी होते असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. ओढून आणलेले मासे पसरट भांड्यात ओतले जातात, हाताने किंवा छोट्या जाळीने चाळवले जातात, हवे ते वेगळे काढले जातात आणि नको ते परत पाण्यात टाकले जातात. माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर हे त्याचे पहिले चिलखत असते. कोरड्या हाताच्या किंवा खरबरीत जाळीच्या एका घासण्याने तो निघतो, खवले उचकटतात, आणि पुढच्या काही दिवसांत त्या जागी बुरशी धरते. परत सोडलेला मासा पोहत गेलेला आपल्याला दिसतो. त्यानंतर त्याचे काय झाले ते कोणी पाहत नाही. साधे मासे विकण्यासाठी धरणारा माणूस त्याची मागणी पुरी झाली की थांबतो. लाखात एक शोधणाऱ्याला थांबण्याचे कारणच नसते, कारण त्याच्या लेखी आतापर्यंत धरलेले सगळे मासे म्हणजे न लागलेल्या सोडतीची तिकिटे असतात. वस्तू जितकी दुर्मिळ तितकी तिची किंमत चढते, आणि किंमत चढल्यामुळे शेवटच्या काही जिवांचा पाठलागही परवडू लागतो, हे चक्र फ्रेंच परिसंस्थाशास्त्रज्ञांनी २००६ साली सविस्तर मांडले आहे. एरवी एखादी जात विरळ झाली की तिला शोधण्याचा खर्च वाढतो आणि धरणारा आपोआप दुसरीकडे वळतो. विरळपणालाच मोल आले की हा नैसर्गिक अटकाव उरत नाही.

या सगळ्यावर छंदी लोकांकडे एक भक्कम उत्तर आहे, आणि ते बाजूला सारून पुढे जाणे अप्रामाणिक ठरेल. पापुआ न्यू गिनीत पोर्ट मोर्स्बीजवळच्या समुद्रात २०१० साली मरून क्लाउनफिश जातीची एक मादी धरली गेली. या गर्द तांबड्या माशाच्या अंगावर एरवी तीन सरळ पट्टे असतात. हिच्या अंगावर मात्र पांढऱ्या रेषांचे वीज चमकावी तसे जाळे होते. ती अमेरिकेत एका जाणत्या छंदी प्रजननकर्त्याकडे गेली, त्याने तिला जोडीदार दिला, दोन वर्षांच्या खटपटीनंतर अंडी आणि पिल्ले मिळाली, आणि साधारण निम्म्या पिल्लांवर आईची नक्षी उतरली. त्यांची पुढची पिढी आज टाकीत जन्मलेली म्हणून बाजारात मिळते. समुद्रातून काय गेले? मोजके मासे. हौशी माणसांना मिळाली एक अख्खी वाण. मग याला विरोध कशासाठी?

पण हे उदाहरण यशस्वी का झाले, ते नीट पाहायला हवे. तो मासा विषारी सायनाइडने नव्हे, जाळ्याने धरला होता. धरण्याची जागा आणि वेळ यांची नोंद होती. तो ज्याच्याकडे गेला त्याला तो दाखवायचा नव्हता, त्याची पैदास करायची होती. आणि झालेला सगळा प्रयोग त्याने उघडपणे लोकांपुढे ठेवला. संग्राहकांच्या बाजारात यातले काय असते? तिथे एकुलत्या एक माशाची किंमत तो एकुलता एक आहे म्हणूनच असते. त्याची पिल्ले निघाली की किंमत कोसळते, म्हणून पैदाशीची निकड मालकाला वाटतच नाही. क्लाउनफिशची मादी निदान खडकावर अंडी घालते आणि पिल्ले वाढवण्याचे तंत्र अवगत आहे; समुद्रातल्या बहुसंख्य शोभिवंत जातींची अंडी पाण्यात तरंगत जातात, त्यांची पिल्ले डोळ्यांना जेमतेम दिसतील एवढी असतात, आणि कित्येक जातींची पैदास अजून कोणाला साधलेली नाही. अशा जातीचा विरळ रंगाचा मासा टाकीत येतो, काही वर्षे जगतो आणि मरतो. त्याचा वंश वाढवला, असे म्हणायला काहीच उरत नाही.

आणि वंश वाढला तरी तो कशासाठी वाढवला, हा प्रश्न राहतोच. रीवाचे महाराज मार्तंडसिंह यांनी १९५१ साली मोहन नावाचा वाघाचा पांढरा बछडा पकडला. साध्या रंगाच्या वाघिणीपासून त्याला पांढरे पिल्लू झाले नाही, तेव्हा त्याच्या मुलीशी, राधेशीच त्याचे मीलन घडवण्यात आले आणि १९५८ साली पांढरे बछडे जन्मले. जगभरच्या प्राणिसंग्रहालयांत या वंशाचा विस्तार झाला. पांढऱ्या रंगाच्या जनुकाशी जोडलेले तिरळे डोळे आणि जवळच्या नात्यातल्या मीलनामुळे आलेली इतर व्यंगेही त्याबरोबर पसरली. एकाच रंगजनुकातल्या बदलाने ही पांढरी कातडी येते, हे २०१३ साली कळले. पांढरा वाघ ही काही वेगळी जात नाही, त्याला जंगलात सोडायचेही नाही, म्हणून वाघांच्या संवर्धनाशी त्या सत्तर वर्षांच्या खटाटोपाचा काडीचाही संबंध नाही. जंगलातल्या पांढऱ्या वाघाची अखेरची नोंद १९५८ सालची आहे, आणि ती शिकारीची आहे. एका जोडीच्या चार पिढ्या आपसात जुळवून ‘शुद्ध’ प्लॅटिनम (चंदेरी-पांढरे) किंवा अल्बिनो वाण सिद्ध केल्याचा अभिमान बाळगणाऱ्या माशांच्या पैदासकारांनी हा इतिहास समोर ठेवावा, असे मला कळकळीने वाटते.

कधी कधी तर जो रंग विकत घेतला जातो तो वंशाचा नसतोच. दक्षिण अमेरिकेतल्या गयाना आणि आसपासच्या नद्यांतून येणारा गोल्ड टेट्रा हा छोटासा मासा अंगाला सोन्याचा वर्ख लावावा तसा चमकतो, आणि एके काळी शास्त्रज्ञांनीही त्याला वेगळी जात मानले होते. टाकीत त्याची पैदास केली तेव्हा पिल्ले साध्या रुपेरी रंगाची निघाली. नदीत त्याच्या कातडीत परजीवी कृमींच्या अळ्या घुसतात आणि त्यांच्यापासून बचाव म्हणून कातडी ग्वानिन नावाचे चकाकणारे द्रव्य स्रवते. सोने म्हणतात ते हेच. सतराव्या शतकात हॉलंडमध्ये ज्या फराटेदार पट्ट्यांच्या ट्यूलिपसाठी लोकांनी घरेदारे पणाला लावली, ते पट्टेही विषाणूच्या रोगाने येत होते, हे तिथल्या बाजाराचा फुगा १६३७ साली फुटल्यानंतर जवळजवळ तीनशे वर्षांनी सिद्ध झाले. रंगाचे कारण न कळताच त्यावर किंमत लावणाऱ्या बाजाराने नदीतून काय उचलावे, हे ठरवू द्यायचे का?

खरे तर एखाद्या पाण्यात विरळ रंगाचे मासे वारंवार दिसू लागणे ही संग्राहकासाठी पर्वणी नसून अभ्यासकासाठी इशारा असतो. ओडिशातल्या सिमिलिपालमध्ये काळ्या पट्ट्यांनी जवळजवळ झाकून गेलेले वाघ दिसतात. ते तिथेच इतके का, याचा शोध घेताना बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातल्या शास्त्रज्ञांना २०२१ साली असे आढळले की इतर वाघांपासून तुटलेल्या त्या छोट्या वस्तीत एका जनुकाचा बदल योगायोगाने फोफावला आहे. म्हणजे तो रंग त्या वस्तीच्या एकाकीपणाची खूण आहे. धरणांनी तुकडे झालेल्या नदीत, उन्हाळ्यात डोहांपुरत्या उरलेल्या ओढ्यात माशांच्या बाबतीतही हेच घडू शकते. तिथले पिवळे-पांढरे मासे बाजाराने गुपचूप उचलले, आणि स्पर्धकाला कळू नये म्हणून जागा लपवून ठेवली, तर तो इशारा कोणाच्याच हाती लागत नाही.

धरणांचा उल्लेख आला की छंदी लोक उसळून म्हणतात, नद्या आम्ही मारल्या नाहीत. धरणे, वाळूउपसा, कारखान्यांचे सांडपाणी आणि शेतातली कीटकनाशके यांनी मारल्या. हे शंभर टक्के खरे आहे. ब्राझीलच्या शिंगू नदीतला काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा झेब्रा प्लेको नदीच्या ज्या वळणावर राहतो, त्याच वळणातले पाणी बेलो मोंते धरणाने दुसरीकडे वळवले. त्यापुढे चोरून नेलेल्या माशांचा आकडा किरकोळ वाटेल. पण या तुलनेतून उलटाच निष्कर्ष निघतो. ज्या माशाचे घर आधीच अर्धे गेले आहे, त्याच्या उरलेल्या थोड्या संख्येतून चोरटा व्यापार जे नेतो त्याचे वजन वाढते, कमी होत नाही. म्हणूनच २०२२ साली त्याला ‘साइटीस’ या आंतरराष्ट्रीय व्यापारकराराच्या दुसऱ्या परिशिष्टात घ्यावे लागले.

आपल्या सह्याद्रीच्या माशांना हे तंतोतंत लागू आहे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार २००५ ते २०१२ या काळात भारतातून धोक्यात आलेल्या ३० जातींचे किमान १५ लाख गोड्या पाण्यातले मासे शोभेसाठी परदेशी गेले. त्यांत महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या नद्यांत राहणारा पट्टेदार झेब्रा लोच आघाडीवर होता, आणि ‘मिस केरळा’ही होती. चंदेरी अंगावर नाकापासून डोळ्यामधून पाठीपर्यंत गेलेली लालभडक रेघ, तिच्याखाली काळी रेघ, शेपटीच्या टोकांना काळे-पिवळे ठिपके असा हा मासा केरळ-कर्नाटकातल्या मोजक्या नद्यांत थव्याने राहतो. १९९७ साली सिंगापूरच्या अ‍ॅक्वारामा प्रदर्शनात त्याला तिसरे बक्षीस मिळाले आणि त्याच्यामागे जगाचा बाजार लागला. आज परदेशातल्या शेततळ्यांत आणि टाक्यांत त्याची पैदास होते, सोनेरी वाणही निघाले आहेत. त्या वाणांबद्दल माझी काहीच तक्रार नाही. उद्या कोणी चालियार नदीतल्या ‘अस्सल जंगली’ सोनेरी मिस केरळाला दसपट भाव लावला, तर मात्र त्या थव्यांचे काय होईल, याची मला धास्ती वाटते.

आता दुसऱ्या बाजूकडे वळतो, कारण सरसकट बंदी हा सोपा पण आंधळा उपाय आहे. केरळ सरकारने २००८ साली मिस केरळा धरण्यावर निर्बंध घातले, पण धरबंदीचे महिने आणि विणीचा हंगाम यांचा मेळ बसला नाही; विणीचा जोर ऑक्टोबर ते मार्च असतो, असे अभ्यासकांनी दाखवून दिले. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या २०२२ सालच्या दुरुस्तीने हा मासा वाघाच्या पंगतीला, पहिल्या अनुसूचीत गेला, आणि टाकीत त्याची पैदास करणारा माणूस नदीतून तो उपसणाऱ्याच्याच रांगेत येऊन बसला. जो नदीवरचा भार हलका करतो त्यालाच गुन्हेगार ठरवून नदीचे काय भले होणार? छंदी लोकांनी जाती वाचवल्याचे दाखलेही खरे आहेत. मेक्सिकोतल्या तेउचित्लान नदीतून नाहीसा झालेला टकीला मासा पाळणाऱ्यांच्या टाक्यांमधून टिकला आणि तिथूनच पुन्हा नदीत सोडला गेला. एवढेच लक्षात ठेवावे की तो नदीतल्या मूळ रूपात सांभाळला होता म्हणून नदीत परत जाऊ शकला. रंगासाठी निवडत नेलेली वाण कोणती नदी परत घेईल?

उपजीविकेचा मुद्दा मला सर्वांत जड वाटतो. ब्राझीलमध्ये रिओ नेग्रोच्या काठी बार्सेलोस नावाचे गाव आहे. तिथली कित्येक कुटुंबे पिढ्यानपिढ्या जंगलात पुराचे पाणी शिरते तेव्हा कार्डिनल टेट्रा धरून जगतात. गावाच्या उत्सवात कार्डिनल आणि डिस्कस या माशांच्या नावाचे दोन संघ एकमेकांशी चुरस करतात. मासे मिळत राहावेत म्हणून ही माणसे जंगल राखतात. शेततळ्यातल्या स्वस्त पैदाशीने त्यांचा धंदा बसवला, तेव्हा जंगलाचाच एक राखणदार कमी झाला. म्हणून सगळी जंगली धरपकड बंद करा, असे मी म्हणत नाही. पण बार्सेलोसचा धंदा साध्या माशांच्या संख्येवर चालतो, विरळ रंगाच्या एका माशावर नाही. अशा माशाची अफाट किंमत साखळीच्या शेवटच्या टोकाला, परदेशातल्या दुकानात ठरते. जाळे टाकणाऱ्याला तिचा हिस्सा क्वचितच पोहोचतो. पोहोचते ती फक्त पुढचा मासा शोधण्याची ओढ.

हे अमलात कसे आणायचे, असे विचारले जाईल. नदीतला अल्बिनो आणि टाकीतला अल्बिनो निरीक्षकाने ओळखायचे कसे? ओळखण्याची जबाबदारी निरीक्षकावर टाकूच नये. आशियाई अरोवाना हा साइटीसच्या पहिल्या परिशिष्टातला मासा. तो नोंदणीकृत पैदास केंद्रातूनच विकता येतो, आणि प्रत्येक माशाच्या अंगात चिप व सोबत दाखला असतो. मासा महाग असला की हा खर्च जड होत नाही, आणि विरळ रंगाचे मासे महागच असतात. विकणाऱ्याने आईबाप टाकीतले आहेत हे दाखवावे, दाखवता आले नाही तर जादा भाव मिळू नये. नदीत असा मासा निघालाच तर त्याचे छायाचित्र आणि जागेची नोंद मत्स्य महाविद्यालयाकडे जावी. पैदाशीसाठी तो हवा असेल तर महाविद्यालयाने साध्या माशाच्या दराने घ्यावा, आणि पिल्ले नोंदणीकृत पैदासकारांना खुली करावीत. ज्यांना तो रंग खरोखर आवडतो त्यांना तो यातूनही मिळेल, थोडा उशिरा आणि पुष्कळ स्वस्तात.